सात, आठ, नऊ नंबरच्या खोल्या गप्प का होत होत्या? शीतगृहातल्या आरएस-४८५ बसचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसमधलं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वेळेची आणि व्होल्टेजची मापं मात्र माझ्या वहीत आहेत तशीच देतो आहे.

पॅकहाउसमध्ये नऊ थंड खोल्या आहेत. एक ते सहा जुन्या इमारतीत, सात ते नऊ गेल्या पावसाळ्यानंतर उभ्या राहिलेल्या नव्या शेडमध्ये. प्रत्येक खोलीच्या दारालगतच्या पॅनेलमध्ये एक तापमान कंट्रोलर आहे. हे नऊ कंट्रोलर दोन तारांच्या एकाच आरएस-४८५ बसवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक संदेशवाहिनीवर, जोडलेले आहेत आणि ऑफिसातला आमचा मास्टर बोर्ड मोडबस आरटीयू या पद्धतीने एकेकाला पाळीपाळीने तापमान विचारतो. मोडबस १९७९चं, आरएस-४८५चं मानक १९८३चं. इतकी जुनी जोडी आजही शीतगृहांपासून पाण्याच्या टाक्यांपर्यंत सगळीकडे टिकून आहे, कारण ती साधी आहे: एक विचारतो, एकच उत्तर देतो, बाकीचे गप्प बसतात.

एखाद्या खोलीचं तापमान वाढलं किंवा दहा मिनिटं मिळालंच नाही तर सायरन वाजतो आणि नानांना, म्हणजे मालकांना, एसएमएस जातो. पहिली तीन वर्षं या व्यवस्थेबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

अडचण

फेब्रुवारीत, ऐन हंगामात, सात, आठ आणि नऊ नंबरच्या खोल्या मधूनमधून गप्प व्हायला लागल्या. दिवसा थोड्या, रात्री फार. आमच्या लॉगमध्ये प्रत्येक वेळी एकच शब्द: टाइमआउट, म्हणजे वेळेत उत्तर नाही.

मी गेलो तेव्हा सायरनची एक वायर काढून टेप गुंडाळून ठेवलेली दिसली. रात्रपाळीच्या ऑपरेटरने ते लपवलं नाही. "दादा, खरंच तापमान वाढलं तर कळायचं कसं, हे मलाही समजतं. पण तासाला दोनदा ओरडतंय. मी थर्मामीटर घेऊन पळतो, तर आत सगळं ठीक. किती रात्री पळू?"

मला ही वायर त्या हरवलेल्या आकड्यांपेक्षा जास्त लागली. निर्यातीची द्राक्षं प्रीकूलिंगनंतर, म्हणजे आधी झटपट थंड करून घेतल्यावर, शून्याच्या आसपास ठेवायची असतात. ती साखळी एका रात्रीत तुटली तर माल न्हावाशेवाला पोहोचण्याआधीच त्याचं आयुष्य कमी झालेलं असतं. आणि आता खरोखर कॉम्प्रेसर बंद पडला असता तरी कुणाला कळलं नसतं.

नाना म्हणाले, "साहेब, बोर्ड तुमचा, वायरिंग तुमचं, अन् गप्प बसतंय माझं शेड. सीझन संपल्यावर नीट करून मी काय करू?"

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी ऑफिसात बसून पाच गोष्टींवर बोलणं झालं.

पहिली, मास्टरने एकदाऐवजी पाच वेळा विचारायचं. हे दहा मिनिटांचं काम होतं आणि ते मी लगेच केलं. यामुळे दोष झाकला जातो हे माहीत होतं, पण त्या रात्री सायरनवर पुन्हा विश्वास बसणं जास्त गरजेचं होतं. वायर जोडली, ऑपरेटरच्या समोर सायरन वाजवून दाखवला. मात्र किती वेळा दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारावं लागलं हे मोजण्याची सोय मी त्याच वेळी केली नाही, ती दोन दिवसांनी केली. त्या दोन दिवसांची माहिती वाया गेली.

दुसरी, केबल बदलायची. नव्या शेडमध्ये पंख्यांचे ड्राइव्ह, म्हणजे त्यांचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रं, आहेत, त्यांचा त्रास केबलला होतोय, असं सगळ्यांचंच मत. पण केबल पफ पॅनेलमधून, म्हणजे खोल्यांच्या फोम भरलेल्या भिंतींतून, ओवलेली. भर हंगामात भोकं पाडून पुन्हा बुजवणं शक्य नव्हतं.

तिसरी, तिन्ही कंट्रोलर बदलायचे. ते वेगळ्या कंपनीचे होते आणि नानांनी स्वतः आणले होते. त्यांच्या विक्रेत्याचं म्हणणं, घोळ मास्टरमध्ये आहे. दोष त्यांच्यावर ढकलणं मला सोपं होतं. जुन्या सहा खोल्या ठीक, नव्या तीन बिघडलेल्या, मग आणखी पुरावा कशाला? इथे मी थांबलो ते बरं झालं. नव्या शेडमध्ये फक्त कंट्रोलर नवे नव्हते. पॅनेल, वीजजोड, अर्थिंग, सगळंच नवं होतं.

चौथी, यूएसबी-४८५ कन्व्हर्टर बसवर लावून नुसतं ऐकायचं. पाचवी, लॉजिक ॲनालायझर, म्हणजे तारांवरचे शून्य-एक वेळेनुसार नोंदवणारं साधन, लावायचा. आमच्याकडे आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा, हजारभर रुपयांत मिळणारा छोटा डबा होता. त्याला स्वतःची मेमरी नसते. तो नमुने घेतो आणि यूएसबीवरून लॅपटॉपला पाठवत राहतो. पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर त्यातून थेट मोडबसचे संदेश वाचून दाखवतं. १९७३च्या सुमारास असे ॲनालायझर बाजारात आले तेव्हा ते टेबलावर ठेवायचं मोठं यंत्र होतं. आमच्या कामाला हा डबा पुरेसा होता, कारण बसच्या ९६०० बिट प्रति सेकंद या वेगाला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. सेकंदाला पाच लाख नमुने घेतले तरी प्रत्येक बिटमागे पन्नासेक मिळतात.

ऑसिलोस्कोपही (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) दुकानात होता. पण त्याच्या तुटपुंज्या मेमरीत कधीतरीच घडणारी चूक पकडणं कठीण, म्हणून तो मागे ठेवला. हा निर्णय अर्धाच बरोबर होता, ते पुढे येईल.

पहिलं पाऊल: नुसतं ऐकणं

कन्व्हर्टरवर ऐकताना अर्ध्या तासात एक गोष्ट स्पष्ट झाली: कंट्रोलर उत्तर देत होते. चुकलेल्या प्रत्येक वेळी उत्तर आलेलं होतं, पण पहिला बाइट बिघडलेला किंवा गायब, आणि पुढचे बाइट बहुतेक वेळा शाबूत. आमचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरचा प्रोग्राम, अपूर्ण उत्तर, चुकीची सीआरसी (संदेश बिघडला का हे तपासणारा आकडा) आणि उत्तरच नसणं या तिन्हींना एकाच नावाने लिहीत होतं. "टाइमआउट" हा शब्द वाचून कंट्रोलर मुका झाला असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही.

कन्व्हर्टर यापुढे जाऊ देईना. तो बाइट सांगतो, बाइटांमधली वेळ नीट सांगत नाही. अशा अनेक कन्व्हर्टरांत आलेला डेटा यूएसबीवर सोडण्याआधी थोडा साठवतात, नेहमीची मुदत १६ मिलिसेकंदांची. आमचं सगळं नाटक पाच-सहा मिलिसेकंदांत घडत होतं.

दुसरं पाऊल: ॲनालायझर कुठे लावायचा

आरएस-४८५च्या ए आणि बी तारांवर असा ॲनालायझर थेट लावायचा नसतो. मानकानुसार त्या तारा स्थानिक ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंत जाऊ शकतात; डब्याची इनपुट पाच व्होल्टची. म्हणून ट्रान्सीव्हर चिपच्या, म्हणजे बोर्डाला या तारांशी जोडणाऱ्या चिपच्या, आतल्या बाजूला, जिथे साधे शून्य-एक असतात, तिथे क्लिपा लावल्या. एक मास्टरच्या पाठवण्याच्या पिनवर, एक स्वीकारण्याच्या पिनवर, आणि एक दिशा ठरवणाऱ्या पिनवर. ही पिन वर असेपर्यंत मास्टर बस स्वतःच्या ताब्यात ठेवतो.

पण बहुतेक बोर्डांप्रमाणे आमच्याही बोर्डावर स्वीकारण्याची परवानगी दिशेच्या त्याच पिनला बांधलेली होती. म्हणजे मास्टर बस धरून बसलेला असताना त्याचा कान बंद. त्या वेळात कुणी बोलायला लागलं तर ते मास्टरच्या पिनवर दिसणारच नाही, आणि मला नेमकं तेच बघायचं होतं. म्हणून बाजारात मिळणारं एक साधं ट्रान्सीव्हर मॉड्यूल घेतलं, ते कायम ऐकण्याच्या स्थितीत बांधलं आणि त्याचं आउटपुट चौथ्या चॅनेलवर दिलं. मास्टरच्या तोंडाशेजारी एक उघडा कान ठेवला, असं म्हणा.

पाचव्या चॅनेलसाठी फर्मवेअरमध्ये दोन ओळी वाढवल्या: उत्तर चुकलं की एक मोकळी पिन क्षणभर वर करायची. तिच्यावर ट्रिगर लावला आणि चुकीच्या आधीचा अर्धा सेकंद जपून ठेवायला सांगितलं. रात्रभराचा डेटा चाळण्यापेक्षा ज्याला चूक कळते त्यालाच बोट वर करायला लावलेलं बरं. ही युक्ती मी आता दरवेळी वापरतो.

पडद्यावर जे दिसलं त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. मास्टरचा शेवटचा बिट संपल्यावरही दिशेची पिन जवळजवळ ४.९ मिलिसेकंद वरच राहत होती. जुने कंट्रोलर ९ ते १२ मिलिसेकंदांनी उत्तर देत. त्यांना काही फरक पडत नव्हता. नवे ४.२ ते ६ मिलिसेकंदांत बोलायला सुरुवात करत. ते ४.९च्या आत बोलले की दोघांची टक्कर, आणि पहिला बाइट चिरडला जाई. मोडबसचा नियम साडेतीन अक्षरांची शांतता पाळायला सांगतो. ९६००ला, अकरा बिटांचं अक्षर धरून, ती सुमारे ४ मिलिसेकंद होते. म्हणजे नवे कंट्रोलर नियमात होते. नियम आम्ही मोडत होतो.

कारण फर्मवेअरमध्ये सापडलं. शेवटचा बाइट रजिस्टरमध्ये टाकल्यावर कुणीतरी सात मिलिसेकंद थांबण्याची ओळ लिहिली होती. तेव्हा बस ४८००वर होती. शेवटचा बाइट टाकताना त्याच्या आधीचा अजून बाहेर पडत असतो, म्हणजे दोन अक्षरांचे चार-साडेचार मिलिसेकंद जाणारच. वर थोडी सवड. नवं शेड जोडताना वेग ९६०० केला. दोन अक्षरं आता दोन मिलिसेकंदांत संपू लागली, आणि उरलेले पाच मिलिसेकंद बस विनाकारण अडलेली. वेग मीच बदलला होता. ती ओळ पाहिली नव्हती.

सात मिलिसेकंदांची ओळ काढली. चिपमध्ये "पाठवणं पूर्ण झालं" असा वेगळा झेंडा असतो, तो उभा राहिला की लगेच दिशा सोडायची, असं केलं. आता पिन एका बिटाच्या आत खाली येत होती. विक्रेत्याला फोन करून तुमचे कंट्रोलर ठीक आहेत, चूक आमची होती, असं सांगितलं.

जिथे मी घाई केली

दोन तास पाहिलं, एकही चूक नाही. नानांना सांगून घरी आलो. पहाटे पावणेतीनला फोन: "दादा, आठ नंबर परत गेला."

खरं तर मला आधीच खटकायला हवं होतं. सापडलेलं कारण दिवसरात्र सारखंच घडणारं होतं. तक्रार मात्र पहिल्या दिवसापासून "रात्री फार" अशी होती. माझ्या कारणात रात्रीला जागाच नव्हती आणि मी प्रश्न मिटला असं धरून चाललो. चाचणीही दुपारी तीन ते पाच घेतली, म्हणजे नेमकी चुकीच्या वेळी.

तिसरं पाऊल: प्लग काढला तेव्हा

दुसऱ्या रात्री शेडमध्येच बसलो. ऐकणारं मॉड्यूल नऊ नंबरच्या पॅनेलमध्ये लावलं आणि ॲनालायझरचं ग्राउंड तिथल्या कंट्रोलरच्या शून्य व्होल्टला. शेडमध्ये मोकळा सॉकेट नव्हता, म्हणून वायरमन मामांनी जुन्या इमारतीतून एक्स्टेंशन ओढून दिलं. लॅपटॉप त्यावर.

दीड तास काहीच नाही. सगळे कॉम्प्रेसर चालू, पंखे जोरात, संध्याकाळी आलेला माल प्रीकूलिंगला लागलेला, आणि बस स्वच्छ. मग पॅकिंगमधल्या एका मुलाने लेबल प्रिंटर लावायला लॅपटॉपचा प्लग काढला. चार मिनिटांत पहिली चूक आली, मग दुसरी, मग रांगच.

प्लग परत लावला, चुका थांबल्या. काढला, सुरू झाल्या. तीनदा करून पाहिलं.

माझा लॅपटॉपच या बसचा भाग झाला होता. तीन पिनी चार्जरचं अर्थिंग, लॅपटॉपचं ग्राउंड, यूएसबीची तार, ॲनालायझरची क्लिप: या वाटेने जुन्या इमारतीचं अर्थिंग आणि शेडमधल्या कंट्रोलरचं शून्य एकमेकांना जोडलं गेलं होतं. मोजायला लावलेलं साधनच दोष दुरुस्त करत होतं.

मग बॅटरीवर राहून पकडलेला भाग ताणून पाहिला. संदेशांच्या मध्ये, आणि बस शांत असतानाही, बारीक खोट्या उड्या होत्या. कर्सर लावून अंतर मोजलं: २० मिलिसेकंद, परत २०, परत २०. म्हणजे पन्नास हर्ट्झ. ड्राइव्हचा गोंगाट असता तर तो इतका शिस्तीत आला नसता. ही सरळ घरातल्या विजेची लय होती.

ॲनालायझरचं काम इथे संपलं. त्याला शून्य आणि एक दिसतात. किती व्होल्ट, हे तो सांगत नाही. मामांच्या खिशातला मल्टिमीटर घेतला, लांब वायर लावून जुन्या इमारतीचं अर्थिंग आणि शेडचं अर्थिंग यांच्यामध्ये धरला. एसी ७ व्होल्ट. शिखरावर ते १० व्होल्टच्या जवळ जातं. बसची स्वतःची मधली पातळी अडीच व्होल्टच्या आसपास धरली तर शेडमधल्या चिपला उणे साडेसात ते अधिक साडेबारा दिसत होतं, दोन्ही बाजूंनी मर्यादेच्या जरासं बाहेर. दुपारी तेच माप अडीच व्होल्ट आलं. सगळी यंत्रं रात्री चालतात, सगळी गळती रात्री वाढते.

सकाळी मामांनी शेडच्या अर्थपिटचं झाकण उघडलं. पट्टीचा बोल्ट गंजून सैल, खड्डा कोरडा ठक्क. आणि जुन्या इमारतीच्या अर्थिंगला शेड जोडलेलंच नव्हतं. ड्राइव्हच्या फिल्टरांची गळती त्या एका कुजक्या जोडातून जमिनीत जायचा प्रयत्न करत होती, आणि शेडचं अख्खं "शून्य" वर-खाली होत होतं.

हे ऐकल्यावर नाना पहिल्यांदा तापमानाबद्दल बोलले नाहीत. "म्हणजे एखाद्या मोटरला करंट उतरला असता तर?" ओल्या फरशीवर, रबरी चपला घालून क्रेट ओढणाऱ्या बाया तिथेच काम करत होत्या. तो धोका बसच्या चुकांपेक्षा कितीतरी मोठा होता.

काय केलं

त्याच दिवशी परवानाधारक वीज कंत्राटदाराला बोलावलं. पिट नीट केला, जोड बदलले, दोन्ही इमारतींची अर्थिंग पट्टीने जोडली. त्याला दोन दिवस लागले. दरम्यान जुन्या इमारतीच्या आणि शेडच्या बसमध्ये आयसोलेटेड रिपीटर बसवला, म्हणजे दोन्हीकडच्या ग्राउंडचा संबंधच राहणार नाही. केबलमध्ये वापरात नसलेली दुसरी जोडी होती. शेडच्या भागात तिची एक तार तिन्ही कंट्रोलरांच्या शून्याला, प्रत्येक ठिकाणी शंभर ओहममधून, जोडली. ही तिसरी तार पहिल्याच दिवशी ओढायला हवी होती. "४८५ला दोन तारा पुरतात" हे वाक्य मीही कित्येकांना सांगितलं होतं.

अर्थिंग दुरुस्त झाल्यावर रिपीटर काढावा का, यावर चर्चा झाली. मी ठेवा म्हणालो. अर्थपिट पुन्हा सुकेल, बोल्ट पुन्हा गंजेल; फळाच्या तापमानाची नोंद त्यावर अवलंबून नको.

परिणाम

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत तिन्ही खोल्यांचा एकही खोटा अलार्म आला नाही. पुन्हा विचारण्याची मर्यादा पाचवरून दोनवर आणली आणि प्रत्येक प्रयत्न आता लॉगमध्ये मोजला जातो. "टाइमआउट" या एका शब्दाचे चार प्रकार केले: उत्तर नाही, अपूर्ण उत्तर, सीआरसी चूक, भलत्याच कंट्रोलरचं उत्तर.

आज हेच काम आलं तर

पहिल्या भेटीतच दोन पॅनेलांच्या अर्थिंगमधला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजेन, तोही रात्री, पूर्ण लोडवर. दहा मिनिटं लागतात. मात्र त्याने सगळं सुटलं असतं असं नाही: अर्थिंग आधी दुरुस्त झालं असतं तर दिशेच्या पिनचा दोष उरलाच असता, आणि तेव्हा मी कदाचित उरलेल्या चुकांचं खापर पुन्हा नव्या कंट्रोलरांवर फोडलं असतं.

ॲनालायझर आणि लॅपटॉपच्या मध्ये यूएसबी आयसोलेटर लावल्याशिवाय आता कुणाच्याही पॅनेलमध्ये क्लिप लावत नाही. त्या रात्री दोन इमारतींमधला प्रवाह माझ्या यूएसबी तारेतून वाहत होता. अर्थिंगचा जोड वाईट होता म्हणून तो थोडा होता. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी लॅपटॉप आणि कंट्रोलर दोन्ही गेले असते. आयसोलेटर असता तर चुका आल्याच नाहीत असा दीड तासाचा भासही झाला नसता. पण मग प्लग काढल्यावर जे दिसलं तेही दिसलं नसतं, आणि २० मिलिसेकंदांच्या उड्यांपर्यंत वेगळ्या वाटेने यावं लागलं असतं. ऑसिलोस्कोप बरोबर असता, तोही बॅटरीवर चालणारा, तर ती वाट बहुधा छोटी झाली असती.

सायरनचंही एक काम केलं. आता त्याला बंद करायचं बटण दिलं आहे, पण ते पंधरा मिनिटांपुरतंच गप्प करतं आणि कुणी, कोणत्या खोलीसाठी, किती वाजता दाबलं हे लिहून ठेवतं. ही यादी मी दर सोमवारी मागवतो. मार्चभर ती कोरी आली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक नोंद होती: चार नंबर, रात्री एक वाजून दहा. दार नीट लागलं नव्हतं. ऑपरेटरने जाऊन लावलं होतं.